वाळूतला मासा, नकाशातला मासा

जानेवारीतली पहाट होती. मालवणजवळच्या देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकून आली होती, दोन्ही दोर किनाऱ्याला लागले होते आणि बाया-पुरुष, शाळेत जायच्या आधी आलेली पोरं, सगळी ओढीला लागली होती. ऊन पडेपर्यंत जाळं वाळूवर आलं. बांगडे, तारल्या, पेडवे, चार-दोन कुर्ल्या. या चंदेरी फडफडीच्या कडेला वीतभर लांबीचा एक मासा निपचित पडला होता. डोकं पाकटासारखं चपटं, शेपटी मुशीसारखी, रंग ओल्या वाळूचा. उलटा केला तर पोट पांढरंशुभ्र आणि तोंड पोटाच्या बाजूला. डोळ्यांमागच्या दोन भोकांची उघडझाप तेवढी चालू होती.

शेजारच्या म्हाताऱ्या रापणकरांनी तो शेपटीला धरून उचलला. “पयलां हे रापणीत खूप गावायचे. आता गावणत नाय,” एवढंच म्हणाले, आणि घोटाभर पाण्यात त्यांनी तो सोडून दिला. मासा दोन हात पुढे गेला, अंग थरथरवून त्यानं वाळू उडवली, आणि वाळू खाली बसली तेव्हा दिसत होते फक्त दोन डोळे. पुढच्या लाटेनंतर तेही दिसेनात.

मी वहीत नोंद केली. तारीख, ठिकाण, भरती-ओहोटीची वेळ, पाण्याची खोली, माशाची लांबी. मासा एक, जिवंत सोडला. प्रत्येक गोष्टीला वहीत रकाना होता. म्हाताऱ्याच्या वाक्याला मात्र रकाना नव्हता. हे पुस्तक त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे.

त्या माशाला आता आपल्याकडे गिटारमासा म्हणू लागले आहेत. वरून पाहिलं तर आकार तसाच दिसतो. त्याच्या अनेक जाती आहेत. कोकण-गोव्याच्या उथळ पाण्यात आढळणारी रुंद नाकाची जात, ग्लॉकोस्टेगस ऑब्ट्युसस, जेमतेम मीटरभर वाढते. तिच्याच कुळातली ग्लॉकोस्टेगस ग्रॅन्युलॅटस दोन मीटरच्याही पुढे जाते. दोन्ही तळाशी राहणाऱ्या आणि तळाशीच चरणाऱ्या. तोंड खाली असल्यानं मासा वाळूवर टेकूनच खातो. दात टोकदार नसतात. फरशी बसवावी तसे चपटे, एकमेकांना चिकटून असतात आणि खेकडे, कोळंबी, शिंपल्यांचा चुरा करतात. वाळूत पुरून घेतल्यावर तोंडानं पाणी घेतलं तर कल्ल्यांत वाळू जाईल, म्हणून श्वासाचं पाणी डोळ्यांमागच्या भोकांतून आत येतं. सगळं शरीरच मऊ तळाच्या संसारासाठी घडलेलं आहे.

नेमकं हेच त्याच्या मुळावर आलं. ट्रॉलचं जाळं तळ खरवडत जातं आणि त्यालाही सपाट, वाळूचा, चिखलाचा तळच मानवतो. खडकावर ते फाटतं. म्हणजे माशाला जी जागा हवी तीच जाळ्यालाही हवी. त्यात हा मासा लाखोंनी अंडी सोडणारा नाही. मादी जिवंत पिलं देते, तीही मोजकी. एक मोठी मादी गेली तर तिच्या पुढच्या कैक वर्षांच्या विणी गेल्या. मोठ्या गिटारमाशांच्या परांना आंतरराष्ट्रीय बाजारात मोठा भाव असल्यानं जाळ्यात चुकून आलेला मासाही परत पाण्यात जात नाही. या कुळातल्या आणि जवळच्या कुळातल्या १६ जातींची २०१९ साली जागतिक पातळीवर तपासणी झाली. १५ जाती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या जिनिव्हा परिषदेत त्यांच्या व्यापारावर नियंत्रण आलं.

मग प्रश्न येतो तो असा: उरलेले मासे कुठे आहेत? सगळा समुद्र राखता येत नाही. कोणती वाळू, कोणते महिने, किती वाव खोलीपर्यंतचं पाणी राखलं तर पिलं वाचतील, हे सांगता आलं पाहिजे. पाण्याखाली जाऊन मोजणी करावी तर हा मासा दिसतच नाही. कोकणच्या गढूळ पाण्यात वाळूत पुरलेला प्राणी मोजणं जवळपास अशक्य. म्हणून अधिवासाचं मॉडेल करायचं. थोड्या नोंदींवरून मोठ्या प्रदेशाविषयी तर्क करण्याची ती रीत आहे.

रीत समजायला सोपी आहे. किनाऱ्यालगतचा समुद्र नकाशावर चौकोनांत कापायचा. प्रत्येक चौकोनाची माहिती भरायची: खोली, तळ वाळूचा की चिखलाचा, तापमान, खारटपणा, नदीमुखापासूनचं अंतर. मासा जिथे सापडला ते चौकोन वेगळे काढायचे. मग विचारायचं, हे चौकोन बाकीच्या समुद्रापेक्षा कशात वेगळे आहेत? सापडलेले बहुतेक मासे उथळ वाळूत असतील, आणि आपल्या समुद्रात उथळ वाळू थोडीच असेल, तर माशाची आवड कळली. तसे गुण असलेले बाकीचे चौकोन, जिथे अजून कोणी पाहिलेलंच नाही, तेही मग नकाशावर उजळतात.

या कामात सर्वांत जास्त वापरली जाणारी मॅक्सेंट ही पद्धत स्टीव्हन फिलिप्स, रॉबर्ट अँडरसन आणि रॉबर्ट शापिरे यांनी २००६ साली मांडली. तिचं तत्त्व मला एखाद्या सुजाण माणसाच्या वागण्यासारखं वाटतं: जे ठाऊक आहे ते पाळायचं, जे ठाऊक नाही त्याबद्दल कमीत कमी गृहीत धरायचं. उत्तर येतं ते शून्य ते एकच्या दरम्यानच्या आकड्यात. ०.८ आला म्हणजे तिथे मासा सापडण्याची शक्यता ऐंशी टक्के, असा अर्थ अनेक जण लावतात. तो चूक आहे. मासा सापडल्याच्याच नोंदी हाताशी असतील तर एक चौकोन दुसऱ्यापेक्षा जास्त योग्य की कमी, एवढंच तो आकडा सांगतो. समुद्रात मासे किती आहेत, हे त्याला माहीत नसतं.

आता अडचणी. कोकणातल्या नोंदी घेऊन असा नकाशा करायला बसलं की पहिल्या फेरीत उत्तम अधिवास हमखास बंदरांच्या समोर दिसतो. कारण उघड आहे. नोंदी जेटीवर घेतलेल्या असतात, आणि मासा नेमका कुठे सापडला हे न विचारता जेटीच्याच आसपासचा पाण्याचा तुकडा लिहिलेला असतो. शिवाय बोटी जिथे जातात तिथूनच मासे येतात. असा नकाशा माशांच्या आवडीचा नसतो, डिझेलच्या खर्चाचा असतो. त्यावर उपाय म्हणजे बोट कुठे गेली आणि तिला काय मिळालं नाही, हेही लिहिणं. मुंबईला मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षणाची जहाजं ठरवून जाळं टाकतात आणि प्रत्येक ओढीची जागा नोंदतात. अशा ठिकाणी रिकाम्या जाळ्याचीही नोंद होते. आमच्या कामात अशी रिकामी नोंद सोन्याच्या मोलाची असते.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. मॉडेल बरोबर आहे की नाही हे तपासताना, सापडलेल्या जागा आणि इतर जागा त्याला वेगळ्या ओळखता येतात का, हे पाहतात. ‘इतर जागा’ म्हणून तीन हजार मीटर खोल अरबी समुद्र घेतला तर कुठलंही मॉडेल हुशार ठरतं. घोटाभर पाण्यातला मासा तिथे नसतो, हे शाळकरी पोरही सांगेल. परीक्षा घ्यायची तर जवळची घ्यावी. देवबागची वाळू आणि तिच्यापासून तीन किलोमीटरवरची तशीच दिसणारी वाळू, यांत फरक सांगता येतो का? रत्नागिरीच्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल सिंधुदुर्गात उभं राहतं का? अशा परीक्षेत गुण कमी पडतात. पण पडलेले गुण खरे असतात.

तिसरी अडचण आपल्या समुद्राची खास आहे. उपग्रहाला दिसतो पाण्याचा पृष्ठभाग, आणि हा मासा राहतो तळाला. पावसाळ्यात या दोन ठिकाणी दोन वेगळे ऋतू चालू असतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं. वरखाली मिसळण थांबते, आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षं मोजणी करून हे दाखवून दिलं आहे. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर किनाऱ्याजवळच्या तळाशी हायड्रोजन सल्फाइड सापडलं होतं. वरचं पाणी पाहून ‘उत्तम अधिवास’ असं रंगवलेला चौकोन त्या आठवड्यांत तळाशी श्वास घेण्याच्या लायकीचा नसतो. मग तळावरचा मासा कुठे जातो? उथळात सरकत असेल, तर त्या वेळी किनाऱ्याची अरुंद पट्टी त्याचा शेवटचा आसरा ठरते. आणि जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असल्यानं पाणी बदलू लागतं त्याच काळातल्या नोंदी आपल्याकडे सर्वांत कमी आहेत. वर्षभराचा एकच नकाशा काढणं या किनाऱ्यावर चालत नाही. किमान दोन तरी हवेत, पावसाआधीचा आणि पावसानंतरचा.

मापाचाही प्रश्न आहे. समुद्राच्या खोलीचा जो जागतिक नकाशा सगळे वापरतात, त्याचा एक चौकोन साधारण साडेचारशे मीटरचा. त्या पहाटे मी पाहिलेलं वीतभर पिलू ज्या पट्टीत होतं ती ओहोटीला जेमतेम पन्नास पावलं रुंद. म्हणजे पिलांचं सगळं जग एका चौकोनात मावून नाहीसं होतं. संगणकाला ती पट्टी दिसतच नाही. ती ठाऊक असते रोज तिथे उभं राहून दोर ओढणाऱ्याला.

आणि नावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली काही मुशी-पाकटांचा समावेश झाला. त्यात करवतमासे होते आणि गिटारमाशांच्या जवळच्या कुळातलं ऱ्हिंकोबॅटस जिडेन्सिस हे नावही होतं. पुढे वर्गीकरणाच्या अभ्यासकांनी बारकाईनं पाहिलं, तेव्हा ती जात हिंदी महासागराच्या पश्चिम भागातली, आफ्रिका-अरबस्तानच्या बाजूची ठरली. आपल्याकडे ज्यांना ते नाव चिकटलं होतं ते मासे मुख्यतः तिच्या भावंड जातींचे होते. कायद्याची यादी २०२२ च्या सुधारणेत वाढली. पण जुन्या नोंदवह्यांत नाव तेच राहिलं आहे. दोन जातींच्या नोंदी एका नावाखाली घेऊन मॉडेल केलं, तर ते अशा माशाची आवड सांगतं जो अस्तित्वातच नाही. जेटीवर परिस्थिती आणखी अवघड असते: एका बंदरातलं नाव पुढच्या बंदरात दुसऱ्याच माशाला लावलेलं असतं, आणि डोकं-पर कापलेला मासा ओळखणं तर जाणत्यालाही जड जातं. म्हणून या पुस्तकातलं दुसरं प्रकरण सगळंच्या सगळं ओळखीवर आहे. घाई असलेल्या वाचकानंही ते टाळू नये.

या सगळ्या अडचणींना तांत्रिक उत्तरं आहेत, आणि ती पुढे सविस्तर दिली आहेत. पण एक अडचण तांत्रिक नाही. तिच्यासाठीच मी लिहायला बसलो.

१९५७ साली जी. एव्हलिन हचिन्सन यांनी अधिवासाच्या विचाराला नवं रूप दिलं. हे तेच हचिन्सन, जे १९३२ च्या येल विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर लडाखच्या सरोवरांचा अभ्यास करायला आले होते. एखादा जीव जिथे जगू शकतो ती जागा वेगळी, आणि इतरांच्या रेट्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येते ती जागा वेगळी, असा भेद त्यांनी केला. त्यांच्या मनात रेटा होता तो इतर प्राण्यांचा. आपल्या किनाऱ्यावर साठ-सत्तरच्या दशकांपासून जो रेटा आला तो माणसाच्या जाळ्यांचा. आज गिटारमासा जिथे सापडतो ती त्याच्या आवडीची जागा असेलच असं नाही. आपण जिथून त्याला अजून संपवलेलं नाही, अशीही ती जागा असू शकते. मॉडेलला हा फरक कळत नाही. ते आजच्या नोंदी घेतं आणि निष्कर्ष काढतं की या माशाला खडकांच्या आडोशाची, ट्रॉल न पोचणारी अरुंद वाळू आवडते. ज्या मोकळ्या, रुंद, सपाट वाळूवर तो एके काळी सर्वांत जास्त होता आणि जिथून तो सर्वांत आधी गेला, ती वाळू नकाशावर कोरी, ‘अयोग्य’ म्हणून उमटते. पुढे तिथे धक्का बांधायचा असेल, वाळू उपसायची असेल, तर तोच नकाशा पुढे करता येतो: पाहा, हा काही या माशाचा अधिवास नाही. आपण केलेल्या नुकसानीला आपणच शास्त्राचा शिक्का देतो.

ही भीती कल्पनेतली नाही. गिटारमाशांच्या जवळच्या गोतातल्या करवतमाशांचं उदाहरण समोर आहे. एके काळी ९० देशांच्या किनाऱ्यांवर हे मासे होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार त्यांपैकी ४६ देशांतून ते नाहीसे झाल्याचं मानलं जातं, आणि कारणं दोन: बेसुमार मासेमारी आणि अधिवासाचा नाश. तो अभ्यास शक्य झाला कारण करवतमासा विसरण्यासारखा नाही. जुन्या नोंदींत आणि संग्रहालयांत त्याची करवत उरली. गिटारमाशाचं तसं काही उरत नाही. भिंतीला लावावी अशी करवत त्याला नाही. तो गेला तर उरेल ती फक्त ज्यांनी त्याला हाताळलं त्यांची आठवण, आणि ती माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून या पुस्तकात आठवणीला मी पुराव्याचा दर्जा दिला आहे, आणि पुराव्याला लावायची कसोटीही तिला लावली आहे. गोव्यात संशोधकांनी मच्छीमारांशी बोलून गिटारमाशांविषयी अशी माहिती गोळा केली आहे. ही वाट नवी नाही, पण ती नीट चालावी लागते. नुसतं “पूर्वी खूप होते का?” असं विचारलं तर “खूप” हेच उत्तर येतं. मोठा मासा लक्षात राहतो, लहान विसरला जातो. तरुणपणचा समुद्र प्रत्येकाला भरलेला दिसतो. त्यामुळे आधी चित्रं दाखवायची, आणि त्यांत इथे कधीच न आढळणारा एखादा मासाही ठेवायचा. त्यालाही कोणी “हो, होता” म्हणालं, तर ती मुलाखत बाजूला ठेवायची. जागा अक्षांश-रेखांशांत विचारायची नाही. किनाऱ्यावरच्या कोणत्या खुणा कशा रेषेत येत होत्या, पाणी किती वाव होतं, मोठ्या भरतीचं उधाण होतं की लहान भरतीचा भांग, असं विचारायचं. होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या उत्तरातून निघणारी जागा पुष्कळदा थक्क करण्याइतकी नेमकी असते. साल विचारलं तर गोंधळ होतो. फयानच्या आधी की नंतर? असं विचारलं की २००९ चा नोव्हेंबर डोळ्यांपुढे येतो. तौक्ते म्हटलं की २०२१ चा मे. वादळं ही किनाऱ्याची कालगणना आहे. शेवटी, एकमेकांशी न बोललेल्या तिघांनी एकच वाळू सांगितली, तर ती नकाशावर घ्यायची.

असा जुन्या आढळाचा नकाशा आजच्या नकाशावर ठेवला की दोघांच्या मधली जागा उघडी पडते. खोली तीच, वाळू तीच, नदीमुख जवळ, पण मासा नाही. त्या कोऱ्या जागेवर माझी नजर सर्वांत जास्त खिळते, कारण मासा परत येऊ शकेल अशी जागा तीच.

अशा नकाशाचं करायचं काय? किनाऱ्यावर नकाशा हा शब्द ऐकला की लोक सावध होतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, तेव्हापासून सीमारेषा म्हटलं की आपलं पाणी जाणार, अशी धास्ती घराघरांत आहे. माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्या आठवणीतून नकाशा झाला त्यांना तो आधी दाखवला पाहिजे, आणि त्यातलं काय जाहीर करायचं हे त्यांच्याशी बोलून ठरवलं पाहिजे. रापणीवर बंदी घालून हा मासा वाचणार नाही. रापणीत तो जिवंत येतो आणि जिवंत परत जाऊ शकतो. त्या पहाटे मी तेच पाहिलं. ट्रॉलच्या पोटात तासन्‌तास दबलेल्या माशाला ती संधी फारच कमी मिळते. म्हणून किनाऱ्यालगतच्या वाळूपासून ट्रॉल दूर ठेवणं, पिलांच्या महिन्यांत सापडलेली पिलं सोडणं, नदीमुखाजवळची वाळू न उपसणं, एवढं जरी नकाशामुळे ठामपणे मागता आलं, तरी केलेल्या कामाचं चीज झालं.

पुस्तकाची रचना सरळ आहे. पहिली दोन प्रकरणं माशाची: शरीर, जीवनक्रम, ओळख. पुढची तीन समुद्राची: तळ, नद्या, पावसाळ्यातला प्राणवायू. त्यानंतर मॉडेल कसं उभं करायचं, कसं तपासायचं आणि कुठे त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे टप्प्याटप्प्यानं येतं. गणित बेताचंच आहे आणि बारावीपर्यंत शिकलेल्या वाचकाला झेपेल असं आहे. शेवटचा भाग आठवणींचा. मराठीत लिहिण्यामागे एक साधं कारण आहे. या कामातली निम्मी माहिती मराठी-कोकणी बोलणाऱ्यांनी दिली. तिचं काय झालं, हे त्यांच्या नातवंडांना त्यांच्याच भाषेत वाचता आलं पाहिजे.

ऋण अनेकांचं आहे. पहाटे चारला उठवून होडीत घेणारे तांडेल, लिलावाच्या घाईतही टोपली बाजूला ठेवून मासा मोजू देणाऱ्या बाया, आणि “हे कशाला लिहून घेतंस?” असं विचारून मग तासभर बोलत बसणारी म्हातारी माणसं. त्यांची नावं इथे घातलेली नाहीत. नकाशावर त्यांच्या वाळूची नावंही मुद्दाम ढोबळ ठेवली आहेत.

माझ्या वहीत आता एक रकाना वाढला आहे. त्यावर मी ‘पयलां’ असं लिहिलं आहे. किनाऱ्यावर कोणीही माशाची नोंद करायला बसलं, विद्यार्थी असो, शिक्षक असो की मच्छीमार, तर त्यानं तो रकाना आखावा आणि शेजारी उभ्या असलेल्या वयस्क माणसाला विचारावं. आज सापडलेला मासा उद्याही मोजता येईल. ज्यानं तो आधी पाहिला आहे तो माणूस उद्या किनाऱ्यावर असेलच, याची खात्री नाही.